नाडी, आसाब आणि मज्जा

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट ज्यानें ऐकली नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत विरळाच. संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईनें गोरोबांच्या थापटण्याकडे बोट दाखवून हें काय म्हणून विचारलें. मडकें कच्चें कीं पक्कें हें ओळखण्याचें हें साधन, असें उत्तर मिळतांच ती म्हणाली, मग आम्हां मडक्यांचीही परीक्षा होऊं द्या. गोरोबा उठले व एकेकाच्या डोक्यावर थापटणें मारीत चालले. इतरांनीं तडाखा मुकाट्यानें सोसला; नामदेव मात्र चिडले आणि त्यांचें मडकें कच्चें ठरलें. पुढें ते विसोबा खेचरांकडे गेले वगैरे कथाभाग वाचकांस ठाऊक आहेच.

या कथेंतील परमार्थ उलगडून सांगण्यास अधिकारी पुरुष आहेत. प्रस्तुत लेखकाचें लक्ष वेधलें तें निराळ्याच गोष्टीकडे. कुंभार मडकें वाजवितो तेव्हां तो त्याचा आवाज ऐकतो. गोरोबांनीं डोक्यांचा आवाज ऐकला नाहीं, ठोका बसल्यावर माणसानें काय केलें तें पाहिलें. बाहेरून ठोका द्यावयाचा आणि आंतून काय परत येतें त्यावरून आंतली स्थिति ताडावयाची, ही युक्ति युरोपांतील वैद्यांनीं इ. स. १८७५ मध्यें हातीं घेतली. गुडघ्याच्या वाटीखालीं हलका ठोका दिला असतां पाय पुढें उडतो, ही साधी गोष्ट त्या सालीं एर्ब व वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनीं स्वतंत्रपणें रोगनिदानाच्या कामीं आणली. फरक इतकाच कीं, पाय उडतो तो मेंदूला न विचारतां. ठोक्याची वार्ता मांडींतून कण्याच्या आंतील रज्जूपर्यंत जाते आणि हुकूम तेथूनच परत फिरतो. मेंदूला ती बातमी मागाहून कळते. नामदेवांचा राग मात्र मेंदूंतूनच आला असला पाहिजे.

ज्या दोऱ्यांवरून ही वार्ता जाते व हुकूम येतो, त्यांस मराठींत काय म्हणावें? धाराशिव जिल्ह्यांतील मनुष्यानें हा प्रश्न केला तर त्यास एक उत्तर मिळत नाहीं, पांच-सहा मिळतात. आणि त्यांतील बहुतेक उत्तरें निरनिराळ्या वाटांनीं, निरनिराळ्या शतकांत त्या जिल्ह्यांत येऊन पोंचलेलीं आहेत. नांवाबरोबर जुन्या काळची एक समजूतही बांधून आली आहे. या वाटा कोणत्या, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

पहिली वाट तेरहून निघते, पण ती बाहेर जाणारी आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथांत, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें शहर असून तेथील साधें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोच बंदरास जाते, असें नमूद आहे. भडोचहून पुढें तांबड्या समुद्रांतून हा माल रोमच्या साम्राज्यांत पोंचे. तेर येथें मिळालेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आणि इटलींत पाँपेईच्या राखेखालीं सांपडलेली दुसरी, या दोघी बहिणी शोभाव्यात इतकें त्यांच्यांत साम्य आहे.

पेरिप्लसनंतर सुमारें शंभर वर्षांनीं रोम शहरांत गेलन नांवाचा ग्रीक वैद्य लोकांसमोर एक प्रयोग करून दाखवीत असे. डुकरास बांधून घालावें, तें जिवाच्या आकांतानें ओरडत असावें, आणि त्याच्या गळ्यांतील एक बारीकसा पांढरा धागा गेलननें बांधावा कीं आवाज बंद! प्राणी तडफडत असे, पण ओरडूं शकत नसे. धाग्याची गांठ सोडली कीं आवाज परत येई. कण्यांतील रज्जु निरनिराळ्या उंचीवर कापून, कोठें कापला म्हणजे कोणता भाग लुळा पडतो, हेंही त्यानें पाहून ठेविलें. वाणीचें व हालचालीचें मूळ हृदयांत नसून मेंदूंत आहे, हें केवळ वादानें नव्हे तर हातांनीं सिद्ध करणाऱ्यांत त्याचें नांव अग्रगण्य आहे. प्रयोग क्रूर खरे. आजचें वैद्यकशास्त्र मात्र त्यांवर उभें आहे हें नाकबूल करून चालणार नाहीं.

या धाग्यास गेलन ज्या नांवानें ओळखी तो ग्रीक शब्द 'न्यूरॉन'. त्याचा मूळ अर्थ धनुष्याची दोरी किंवा स्नायुबंध. मांस हाडाला बांधणारी पांढरी दोरी आणि वार्ता नेणारी पांढरी दोरी या दिसावयास सारख्या. म्हणून जुन्या ग्रीकांनीं दोहोंस एकच नांव दिलें. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हिरोफिलस व इरॅसिस्ट्रॅटस यांनीं दोहोंतील भेद ओळखला, पण नांव तेंच राहिलें. या दोऱ्या आंतून पोकळ असून त्यांतून 'न्यूमा' म्हणजे एक सूक्ष्म वायु वाहतो, अशी गेलनची समजूत होती. तगरचें कापड रोमला गेलें. गेलनचें ज्ञान मात्र त्याच गलबतांनीं परत आलें नाहीं. तें आलें पुष्कळ वळसा घेऊन. ती हकीकत पुढें येईल.

त्या काळीं आपल्याकडे काय होतें? सुश्रुतानें शवपरीक्षेची जी रीत शारीरस्थानांत सांगितली आहे ती शास्त्रबुद्धीची साक्ष देणारी आहे. प्रेत अव्यंग असावें, दीर्घ रोगानें किंवा विषानें मेलेलें नसावें. आंतड्यांतील मळ काढून, मुंज, साल, कुश वगैरेंत गुंडाळून, पिंजऱ्यांत घालून, संथ वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवावें. नंतर वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचल्यानें हळूहळू घांसून एकेक थर पाहावा. ही पद्धति हाडें, सांधे व बंध पाहण्यास उत्तम. परंतु मेंदु ही शरीरांतील अत्यंत मऊ वस्तु. उष्ण देशांतील पाण्यांत सात रात्रींनंतर तिचें काय उरणार? ज्या रीतीनें सुश्रुतास नऊशें स्नायु मोजतां आले त्याच रीतीनें मेंदु व त्याचे बारीक धागे त्याच्या हातून निसटले असावेत, असें आम्हांस वाटतें. त्यानें मर्में एकशें सात सांगितलीं, आणि कोठें घाव बसला असतां अंग लुळें पडतें हें लढाईंतल्या जखमांवरून त्यास पक्कें ठाऊक होतें. काम त्यास दिसलें, धागा दिसला नाहीं. म्हणून शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध वाहून नेण्याचें काम त्यानें धमन्यांकडे सोंपविलें आणि हालवाचालवीचें वायूकडे. तिकडे न्यूमा, इकडे वात. दोन देशांतील वैद्य एकमेकांस न भेटतां एकाच वाऱ्याशीं येऊन थांबले, हें मोठें मौजेचें आहे.

दुसरी वाट योग्यांची. इडा, पिंगला, सुषुम्ना या नाड्या आणि कण्याच्या खालच्या टोकाशीं निजलेली कुंडलिनी यांचें वर्णन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायानें मराठींत घरोघर पोंचविलें. गोरोबांसारख्या संतांच्या मंडळींत हें शब्दभांडार रोजच्या बोलण्याचें होतें. नाडी म्हणजे नळी. येथेंही पोकळी आलीच! परंतु योग्यानें ही नळी प्रेत फाडून पाहिलेली नाहीं. आसनस्थ होऊन, डोळे मिटून आंतून अनुभविलेली आहे. हा भेद विसरल्यामुळें पुढें बराच घोंटाळा झाला.

स्वामी दयानंद सरस्वतींनीं आत्मवृत्तांत एक प्रसंग सांगितला आहे. गंगेंतून वाहत आलेलें एक प्रेत त्यांनीं कांठावर ओढलें, चाकूनें फाडलें आणि ग्रंथांतील चक्रें त्यांत शोधलीं. तीं मिळालीं नाहींत. तेव्हां ते ग्रंथ फाडून प्रेताबरोबर त्यांनीं नदींत सोडून दिले. मुंबईचे डॉ. वसंत गंगाराम रेळे यांनीं याच्या अगदीं उलट मार्ग धरला. इ. स. १९२७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या कुंडलिनीवरील इंग्रजी पुस्तकांत त्यांनीं कुंडलिनी म्हणजे उजवी 'व्हेगस' होय, असें प्रतिपादन केलें. ही व्हेगस मेंदूच्या बुडापासून निघून हृदय, फुफ्फुसें, जठर असा लांबचा फेरफटका करते. लॅटिन भाषेंत तिच्या नांवाचा अर्थच 'भटकी' असा आहे. योग्यास हृदयाची गति मंद करतां येते तर ती हिच्या द्वारें, हा त्यांचा तर्क विचार करण्याजोगा होता. परंतु पुस्तकास प्रस्तावना लिहिणारे सर जॉन वुड्रफ यांनीं त्या प्रस्तावनेंतच, कुंडलिनी ही एखादी नाडी आहे हें आपणांस मान्य नाहीं, असें सांगून टाकलें.

आम्हांस वुड्रफसाहेबांचें म्हणणें बरोबर वाटतें. दयानंद व रेळे हे परस्परविरोधी दिसले तरी दोघांची समजूत एकच: योग्यानें सांगितलें तें चाकूखालीं सांपडलें पाहिजे. एकास सांपडलें नाहीं म्हणून त्यानें ग्रंथ बुडविले, दुसऱ्यास सांपडल्यासारखें वाटलें म्हणून तो हर्षला. गोड पदार्थाची चव जिभेच्या चिरफाडींत मिळत नाहीं, म्हणून चव खोटी ठरत नाहीं आणि जिभेंत चवीची पेटी असलीच पाहिजे असेंही ठरत नाहीं. लोणावळ्यास इ. स. १९२४ मध्यें कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनीं आसनांचा व प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो तें यंत्रांनीं मोजावयास आरंभ केला. हा मार्ग अधिक शहाणपणाचा.

आतां तिसरी वाट. हीच गेलनची, वळसा घेऊन आलेली. नवव्या शतकांत बगदादेस हुनैन इब्न इशाक व त्याच्या सोबत्यांनीं गेलनचे ग्रंथ सीरियाक व अरबी भाषांत उतरविले. 'न्यूरॉन'साठीं त्यांनीं 'असब' हा शब्द योजिला. आणि गंमत अशी कीं, अरबींतही असब म्हणजे मूळची स्नायूची दोरीच. पुढें इब्न सिनाच्या ग्रंथांतून ही विद्या इराणांत आणि इराणांतून हिंदुस्थानांत आली. तिचें नांवच 'युनानी', म्हणजे ग्रीक. दक्षिणेंत तिला मोठा आश्रय मिळाला तो हैदराबादेस, आणि हैदराबादच्या राज्यांत धाराशिव होतें.

मधलीं कांहीं वर्षें सोडावीं लागतील. इ. स. १८५३ च्या तहानें हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि मेडोज टेलर हा कादंबरीकार अधिकारी नळदुर्गास येऊन राहिला. १८६० सालीं मुलूख निजामास परत मिळाला. जिल्ह्याचें मुख्य ठाणें नळदुर्गाहून धाराशिवास आलें आणि सातव्या निजामाच्या नांवावरून गांव उस्मानाबाद झालें. राज्यकारभार उर्दूंत, माध्यमिक शिक्षण उर्दूंत. हैदराबादेस १८४६ सालीं निघालेल्या वैद्यकशाळेचें शिक्षणही आरंभीं उर्दूंतच होतें. त्याच शहरांत १८८८ व १८८९ या सालीं सर्जन लॉरी यांच्या पुढाकारानें, निजाम सरकारच्या पैशानें, क्लोरोफॉर्मनें मृत्यु येतो तो हृदय थांबून कीं श्वास थांबून, याची प्राण्यांवर परीक्षा झाली व तिचा गाजावाजा लंडनपर्यंत पोंचला. श्वासावर लक्ष ठेवलें म्हणजे हृदयाची चिंता नको, हा लॉरींचा निष्कर्ष पुढें चुकीचा ठरला; पण धाराशिवच्या शेतकऱ्याच्या साऱ्यावर चालणाऱ्या राज्यांत असा प्रश्न धसास लावण्याचा यत्न झाला ही गोष्ट लहान नव्हे. त्या शेतकऱ्याच्या भाषेंत त्यांतलें एक अक्षरही आलें नाहीं, हीही नव्हे.

इ. स. १९१७ च्या फर्मानानें उस्मानिया विद्यापीठ निर्माण झालें. सर्व उच्च शिक्षण उर्दूंतून देण्याचा तो हिंदुस्थानांतील धाडसी प्रयोग होता. त्यासाठीं भाषांतराचें एक स्वतंत्र खातेंच काढून हजारों शास्त्रीय शब्द ठरविले गेले. मज्जातंतु म्हणजे 'असब', अनेकवचनीं 'आसाब'. पाठीच्या कण्यांतील रज्जु म्हणजे 'हराम मग्ज', कारण तो खाणें निषिद्ध. आणि सगळ्या व्यवस्थेस नांव 'निजामे-असबी'. निजामाच्या राज्यांत प्रत्येकाच्या अंगांतही एक निजाम होता, असा विनोद त्या काळीं कोणीं केला असल्यास त्यानें तो हळूच केला असेल. थट्टा बाजूस ठेवून सांगावयाचें तर हें भाषांतराचें काम अत्यंत नेटकें होतें, आणि मराठी मुलाच्या दृष्टीनें तें परकें होतें. सप्टेंबर १९४८ नंतर ही परिभाषा मराठवाड्यांतून जवळजवळ एका पिढींत निघून गेली. मागें राहिला 'लकवा'. हा अरबी शब्द आज धाराशिव, तुळजापूर, परांडा येथें इतका घरचा झाला आहे कीं, तो पाहुणा आहे हें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

चौथी वाट मुंबई-पुण्याची. मुंबईस १८२६ सालीं डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालीं देशी भाषांतून वैद्यक शिकविण्याची शाळा निघाली व १८३२ त बंद पडली. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चें. तेथें मराठी व गुजराथी वर्ग १८६१ मध्यें सुरू झाले. या वर्गांसाठीं व पुढें शाळांसाठीं मराठींत पुस्तकें झालीं, आणि शब्दांची खटपट सुरू झाली. या खटपटीचें फळ विलक्षण आहे. सुश्रुताचा 'स्नायु' म्हणजे बांधणारी दोरी. बंगाल्यानें तो शब्द उचलला व त्यानें वार्तावाहक धाग्यास लाविला, म्हणजे ग्रीक व अरब ज्या पायरीवरून गेले त्याच पायरीवरून तो गेला. मराठीनें तोच शब्द मांसपेशींस दिला. त्यामुळें कलकत्त्याचा 'स्नायुरोग' मुंबईस आला कीं निराळाच रोग होतो! सुश्रुताच्या धमन्या शब्दस्पर्श वाहत. मराठींतील धमनी केवळ रक्त वाहते.

मग वार्तावाहक धाग्यांस काय उरलें? मराठीनें 'मज्जा' पुढें केली. संस्कृतांत मज्जा म्हणजे हाडांतील मगज, सप्त धातूंपैकीं एक. मेंदु कवटीच्या हाडांत व रज्जु मणक्यांच्या हाडांत, म्हणून तेही एक प्रकारची मज्जाच, हा विचार लॅटिन व जर्मन नांवांतही आहे. लॅटिनांतील 'मेड्युला' व जर्मन भाषेंतील कण्याच्या रज्जूचें नांव यांचा अर्थ मज्जाच होतो. विचार चुकीचा आहे. हाडांतील मज्जा रक्त तयार करते, तिचा वार्तेशीं संबंध नाहीं. पण मज्जातंतु, मज्जारज्जु, मज्जासंस्था हे शब्द रूढ झाले, आणि खरी मज्जा बिचारी 'अस्थिमज्जा' असें दुहेरी नांव घेऊन बसली. 'ज्ञानतंतु' हा शब्द कानास गोड, पण तो अर्धेंच काम सांगतो. बेल व माजांदी यांनीं १८११ ते १८२२ या काळांत, कण्याच्या रज्जूस पुढून व मागून जोडलेल्या मुळांपैकीं पुढचीं हालचालीचा हुकूम नेतात व मागचीं संवेदना आणतात, हें दाखवून दिलें होतें. हुकूम नेणाऱ्या तंतूस ज्ञानतंतु कसें म्हणावें?

शब्दांची अशी ओढाताण चालू असतां वस्तु मात्र दिवसेंदिवस स्पष्ट होत गेली. वार्ता वाऱ्यासारखी किंवा विचारासारखी क्षणांत जाते, तिचा वेग मोजणें अशक्य, असें मोठे मोठे विद्वान् म्हणत असतां हेल्महोल्ट्झनें १८५० मध्यें बेडकाच्या पायावर तो मोजला आणि तो सेकंदास तीस मीटरच्या आंतबाहेर भरला. माणसाच्या अत्यंत जलद तंतूंत तो शंभर मीटरच्या वर जातो. म्हणजे पाण्यांत पाय घातल्यावर तें गार आहे हें कळण्यास वेळ लागतो, थोडा, पण लागतो. पोकळ नळीची कल्पना तर केव्हांच गेली होती. अखंड तंतूची कल्पनाही स्पेनच्या काहालनें मोडून काढली. त्यानें दाखविलें कीं ही जाळी नसून सुट्या पेशी आहेत, एक दुसरीस चिकटलेली नाहीं. तिरकी मौज अशी कीं, ज्या गॉल्जीच्या रंगविण्याच्या रीतीनें त्यानें हें पाहिलें तो गॉल्जी अखेरपर्यंत अखंड जाळीचाच पक्ष घेऊन राहिला, आणि १९०६ चें नोबेल पारितोषिक दोघांस मिळून दिलें गेलें. दोन पेशींमधील फट मिलिमीटरच्या सुमारें पन्नास हजाराव्या भागाइतकी असते, व ती ओलांडण्यास बहुधा रसायनाची होडी लागते. मेंदूंत अशा पेशी सुमारें ८६ अब्ज आहेत.

आज शाळेच्या पुस्तकांत 'चेतासंस्था' आहे, विश्वकोशांत 'तंत्रिका तंत्र' आहे, वर्तमानपत्रांत 'मज्जासंस्था' आहे. आमचें मत विचाराल तर मज्जा हा शब्द मोडण्याचें कारण नव्हतें. व्युत्पत्ति चुकली म्हणून शब्द टाकावयाचा तर युरोपांतील वैद्यांनीं 'न्यूरॉन' कधींच टाकावयास हवा होता. ते अजून धनुष्याच्या दोरीचेंच नांव घेत आहेत आणि त्यांचें कांहीं अडत नाहीं. अडतें तें बाप जो शब्द शिकला तो लेकाच्या पुस्तकांत न सांपडल्यामुळें. लोकांनीं या सर्वांकडे पाठ फिरवून 'नस' आणि 'शीर' हे दोनच शब्द ठेविले. त्यांत रक्तवाहिनी आली, स्नायुबंध आला, मज्जातंतु आला. नस दबली, शीर आखडली, येथपर्यंत हें चालून जातें.

तें चालत नाहीं अशी जागा एक आहे. अर्धांगाचा झटका आला म्हणजे खेड्यांत म्हणतात, 'अंगावरून वारें गेलें.' सुश्रुताचा वात व गेलनचा न्यूमा दोघेही या तीन शब्दांत हजर आहेत, आणि म्हणून त्यांस हंसण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु वारें गेलें म्हटलें कीं बाहेरून कांहीं येऊन गेलें असें वाटतें. मग दोन दिवस तेल चोळणें, अंगारा लावणें, वारें उतरण्याची वाट पाहणें, हें ओघानेंच येतें. घडलेलें असतें तें कवटीच्या आंत. बहुतेक वेळां मेंदूच्या एका रक्तवाहिनींत गुठळी अडकलेली असते, कधीं वाहिनी फुटलेली असते. आणि मेंदूच्या डाव्या अर्धास इजा झाली तर लुळें पडतें तें उजवें अंग. मोठी वाहिनी बंद असतां दर मिनिटास सुमारें एकोणीस लक्ष पेशी मरतात असा हिशेब आहे. गुठळी विरघळविणारें औषध आहे, पण तें साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, व तेंही रक्तस्राव नाहीं हें मेंदूचें छायाचित्र काढून पाहिल्यावर.

गंभीर रोग्यानें सोलापूरची वाट धरावी हा या जिल्ह्याचा जुना परिपाठ. धाराशिवास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें तें २०२२ सालीं, आणि दुसऱ्याच वर्षीं जिल्ह्यास त्याचें जुनें नांव परत मिळालें. त्या महाविद्यालयांतील विद्यार्थी मेंदूविषयीं जें शिकतो तें इंग्रजींत. समोरचा वृद्ध त्यास सांगतो कीं अंगावरून वारें गेलें. विद्यार्थी याच भागांतला असेल तर त्यास तें वाक्य कळतें, आणि त्यांतील वाऱ्याशीं वाद घालण्यांत तो वेळ दवडीत नाहीं. तो विचारतो, केव्हां गेलें? घरचीं माणसें म्हणतात, सकाळीं उठल्यावर हात उचलेना. मग तो विचारतो, रात्रीं शेवटचे धड बोलले-चालले ते किती वाजतां. कारण घड्याळ तेथपासून मोजावयाचें असतें, सकाळपासून नव्हे.